मंडळाचा एकुलता चष्मा

तमाम रसिक मायबाप, पाहुणेमंडळी आणि मंडपामागे तंबाखू चोळत उभे असलेले आमचे टीकाकार, या सर्वांना अत्यंत गांभीर्यानं जाहीर करण्यात येतं की आमच्या गावच्या नाट्यमंडळाची एकूण मालमत्ता अशी आहे: पडदे तीन, पैकी राजवाड्याचा फाटका, लाकडी तलवारी सहा, दाढ्या चार, न्यायाधीशाचा काळा झगा एक, आणि चष्मा एक. पडदा शिवता येतो, दाढी शेजारच्या गावातून मागून आणता येते. चष्म्याची बाब मात्र गंभीर आहे, म्हणून मी बोलायला उभा राहिलो आहे.

चष्मा माझ्या मामांचा. मामा धानाचे शेतकरी, आणि वर्षातून एक दिवस, मंडईच्या दिवशी, आमच्या मंडळाचे प्रॉम्प्टर. दिवाळीनंतर आमच्या अर्जुनी मोरगाव भागात गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. पाळणे, मिठाईची दुकानं, दंडारीचा नाच, आणि नाटक तर हवंच. मोठ्या गावांत पैसे मोजून आणलेल्या कंपनीचं नाटक रात्रभर चालतं. आमचं नाटक दुपारी दोन वाजता सुरू होतं. कारण रात्री आमचे नट, नटांच्या बायका आणि आमचे प्रेक्षक, सगळेच त्या मोठ्या गावाला जातात.

आता प्रॉम्प्टर म्हणजे काय, ते सांगतो. विंगेत खुर्ची टाकून बसायचं, मांडीवर नाटकाची वही ठेवायची आणि प्रत्येक नटाला त्याचं वाक्य हळूच पुरवायचं, हे ते काम. आमचे नट दिवाळीपर्यंत शेतात धान कापत असतात. तालमी होतात तीन, फार तर चार. आणि नटी वडशाहून येते, तीही नाटकाच्या दिवशी सकाळी. आल्यावर ती चहा घेते आणि दोनच प्रश्न विचारते, "मी कोनाची बायको आहो? अन मरते का जगते?" एवढ्या भांडवलावर ती तीन अंक करते आणि लोकांना रडवते. ते कशाच्या जोरावर? विंगेतून येणाऱ्या मामांच्या आवाजाच्या जोरावर.

मामांची पद्धत अशी की ते वाक्य कधी पूर्ण देत नाहीत. पहिले तीन शब्द देतात आणि थांबतात. नट ते बोलतो, श्वास घेतो, तेवढ्यात पुढचे तीन येतात. रडायचं असेल तर मामांचा आवाजच ओला होतो, त्यामुळे नटीला वेगळं सांगावं लागत नाही. चाळीस वर्षं ते हे करत आले आणि चाळीस वर्षांत एकाही प्रेक्षकाला ते दिसले नाहीत. याचा त्यांना भारी अभिमान. "प्रॉम्टर दिसला का नाटक मेलं," असं ते आम्हाला दर तालमीला बजावायचे.

आमच्या प्रत्येक नाटकाच्या तिसऱ्या अंकात कोर्ट असतं. अध्यक्षांकडे काळा झगा आहे म्हणून ते न्यायाधीश, आणि झगा वापरायचा म्हणून कोर्ट. नाटक अध्यक्षच लिहितात, त्यामुळे हे जमून जातं. वकील मी. गोंदियाला शाळेत भूगोल शिकवतो, म्हणजे मोठ्यानं आणि न थांबता बोलता येतं, एवढ्यावर माझी निवड झाली. पण आमच्या प्रेक्षकांचा एक पक्का समज आहे की चष्मा नसलेला माणूस वकील नसतो. एका वर्षी मी बिनकाचेची फ्रेम घालून उभा राहिलो. खुनाचा खटला रंगात आला असताना माझ्या डोळ्याला खाज सुटली आणि मी फ्रेमच्या आतून बोट घालून डोळा चोळला. मंडप पाच मिनिटं हसत होता. आरोपीसुद्धा.

तेव्हा ठरलं की चष्मा खराच पाहिजे. आणि खरा चष्मा एकट्या मामांकडे. त्या वर्षापासून रिवाज पडला: तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला मी विंगेत जायचं, मामा चष्मा काढणार, धोतराच्या सोग्यानं पुसणार, स्वतःच्या हातानं माझ्या नाकावर चढवणार आणि म्हणणार, "जा, सोडव त्याले." तालमीत चष्मा द्यायचा नाही, फक्त नाटकाच्या दिवशी. काच झिजते म्हणे.

त्या चष्म्यातून मला चार हातांपलीकडचं काही दिसत नसे. माझं कोर्टातलं संथ, तोलून टाकलेलं पाऊल, ज्याची पाच-सहा गावांत तारीफ होती, ते खरं तर पायाखाली माईकची वायर आहे की नाही याचा अंदाज घेणं होतं. आणि तिकडे विंगेत मामांना वही दिसत नसे. पण जुनी नाटकं फिरून फिरून होत, तिसरा अंक त्यांना पाठ असे, त्यामुळे कोणाला पत्ता लागला नाही.

मग अध्यक्षांना दर वर्षी नवं नाटक लिहिण्याचा झटका आला. मागच्या मंडईत मामा कोर्टात अडखळले आणि दोन पानं पुढे गेले. माझा साक्षीदार पोहोचायच्या आत आरोपीला फाशी झाली. त्या मेलेल्या माणसाला निर्दोष ठरवणारं भाषण मी तरीही पूर्ण केलं, आणि टाळ्याही घेतल्या. पण नाटक संपल्यावर अध्यक्ष झगा न काढताच मामांकडे आले. दोघं एका वयाचे, एका शाळेतले.

"तुये डोरे गेले गा आता," अध्यक्ष म्हणाले. "पुढच्या साली आमचे जवाई करतील प्रॉम्टिंग. रेल्वेत आहेत, नजर पाह्य त्यायची."

मामा वही छातीशी धरून घरी गेले. मामींनी मला फोनवर सांगितलं की दोन दिवस ते धानाच्या बांधीकडेही फिरकले नाहीत. पावसाळाभर रदबदली झाली आणि अध्यक्ष इतके नरमले की या वर्षी मामा बसतील, पण जावई दुसऱ्या विंगेत कागदाची प्रत घेऊन तयार राहतील. मामा चुकले तर खुर्ची गेली, कायमची.

दसऱ्यानंतर मी गावी गेलो तेव्हा मामांनी मला ओसरीवर बसवलं. "भाच्या, मले तिसरा अंक दिसला पाह्यजे. चष्मा तुयाजवर असला तरी."

"मामा, दुसरा चष्मा घेऊ ना! अर्जुनीच्या बाजारात मिळतो."

"दोन चष्मे घेऊन बसलो तं लोक काय म्हनतील? म्हनतील, याचं एकानं भागत नाही. मंग जवायालेच बसवा न!"

यावर मी उपाय काढला आणि तो उपाय काढल्याबद्दल आज दोषी म्हणून तुमच्यापुढे उभा आहे. माझी मुलगी नागपूरला शिकते. तिनं नवा टॅब घेतला आणि जुना माझ्याकडे आला. त्यात तिनं एक ॲप टाकून दिलं होतं. टॅबच्या वर जो कॅमेरा असतो, तो वाचणाऱ्याचं तोंड पाहतो. माणूस किती लांब आहे, त्यानं चष्मा घातला आहे की काढला आहे, हे ओळखतो आणि त्याप्रमाणे अक्षरं लहानमोठी करतो. आधी एकदा त्याला तुमच्या डोळ्यांची परीक्षा द्यायची, एक चष्म्यासकट, एक चष्म्याशिवाय. मग ते सगळं लक्षात ठेवतं.

पुढच्या रविवारी परीक्षा झाली. मामा ओसरीवर मांडी घालून, अंगात धुतलेली बंडी. मामी बाजूला सुपात तांदूळ निवडत होत्या. मी टॅब मामांच्या हातात दिला.

"हे पाटी मले पाहून राहिली का मी तिले पाहून राहिलो?" मामांनी विचारलं.

"दोघंही."

"चाळीस वरसं याईच्या तोंडाकडे मी पाहून राहिली," मामी सुपातून मान न काढता म्हणाल्या, "मले नाही समजलं याईले काय दिसते न काय नाही. हे पाटी एका मिन्टात सांगनार!"

"तू पाह्यते कोठं? तू तं निस्ती बोलते."

पहिली परीक्षा चष्मा लावून. ॲपनं स्वतःचाच एक उतारा दाखवला, स्वच्छतेबद्दल काहीतरी. मामा वाचत गेले, अक्षरं बारीक होत गेली, आणि एका ठिकाणी मामांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "आता नाही दिसत." मी बटण दाबलं. उत्तम झालं.

दुसरी परीक्षा चष्म्याशिवाय. पुन्हा तोच स्वच्छतेचा उतारा आला. मामा वैतागले. "हे कोनं लिहिलं गा? ना यात भांडन, ना रडनं."

तेव्हा मला कल्पना सुचली. त्या ॲपमध्ये आपल्या आवडीचा मजकूरही टाकता येतो. आमच्या एका जुन्या नाटकाचा पहिला अंक मी कधीतरी हौसेनं टाइप करून ठेवला होता. तो टाकला. मामांचा चेहरा खुलला. अक्षरं मोठी असताना ते घडाघडा वाचत होते. अक्षरं लहान झाली तरी वाचत होते. मोहरीएवढी झाली, खसखशीएवढी झाली, आणि मामा सूनमुखाच्या प्रवेशात शिरले, सासूचा आवाज वेगळा, सुनेचा वेगळा. मी दर ओळीला "दिसतंय" चं बटण दाबत गेलो.

मामा पाठ म्हणत असतील हे माझ्या ध्यानात का आलं नाही, असं तुम्ही विचाराल. खरं सांगतो. मी शेजारून डोकावून पाहिलं होतं. मला स्वतःला त्यातलं एक अक्षर दिसत नव्हतं. पण पन्नाशी उलटलेल्या माणसानं सत्तरीच्या मामासमोर ते कबूल करायचं? मी म्हणालो, "वा मामा! काय नजर आहे!"

मामींनी सूप खाली ठेवलं. "मंग सुईत दोरा ओवाले मले काऊन बोलावते?"

ॲपनं हिरवी खूण दाखवली. चष्मा लावला की मामांना मोठं अक्षर लागतं, काढला की खसखस पुरते, असं त्यानं लक्षात ठेवलं. त्या खुणेकडे बघून आम्ही दोघं मामा-भाचे इतके खूश झालो की मामींनी भजी तळली. भजी खाताना मामींनीही टॅब कोनाड्यात उभा करून पाहिला. मागे मागे सरकल्या आणि ओरडल्या, "माय व! मी दूर जाते तं अक्षर फुगून राहिले!" लांब गेलं की अक्षर मोठं, हे त्यांना स्वच्छतेच्या उताऱ्यापेक्षा बरं वाटलं.

मंडईचा दिवस उजाडला. अध्यक्षांचं नवं नाटक मी टॅबमध्ये भरून दिलं होतं. पहिला अंक असा गेला की अध्यक्ष स्वतः विंगेत येऊन उभे राहिले, मामांच्या मांडीवरच्या पाटीकडे बघून नुसतं "हं" म्हणाले. मामांच्या नाकावर चष्मा, पाटीवर बोराएवढी अक्षरं, तीन तीन शब्द नटांच्या तोंडी जात होते. दुसऱ्या अंकात नटी विधवा झाली आणि बायकांनी पदर डोळ्याला लावले. पलीकडच्या विंगेत जावई कागद हातात घेऊन उभे होते. त्यांना काही कामच नव्हतं.

तिसरा अंक. मी विंगेत गेलो. मामांनी चष्मा काढला, पुसला, माझ्या नाकावर चढवला. "जा, सोडव त्याले."

मी रंगमंचावर गेलो, पाऊल तोलून टाकलं, टाळ्या घेतल्या. न्यायाधीशांच्या जागी मला एक काळा डाग दिसत होता, म्हणजे अध्यक्ष जागेवर होते. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात गुलाबी डाग, म्हणजे नटी. मी गुलाबी डागाला दरडावून विचारलं, "बाई, त्या दुपारी बांधावर तुम्ही काय पाहिलं?"

विंगेतून काहीच आलं नाही.

मी पुन्हा विचारलं, यावेळी कपाळाला हात लावून, म्हणजे लोकांना वाटावं लेखकानंच तसं लिहिलंय. काहीच नाही. नटी खोकली. नटी खोकली की ती अडकली आहे, हे आम्हाला माहीत.

विंगेत काय झालं ते मामींनी नंतर सांगितलं. त्या मामांच्या मागे पानाचा डबा घेऊन बसल्या होत्या. चष्मा गेल्याबरोबर पाटीनं मामांचं बिनचष्म्याचं तोंड ओळखलं आणि शिकवल्याप्रमाणे अक्षरं खसखशीएवढी केली. मामांनी पाटी नाकाशी नेली, तर अक्षरं आणखी बारीक. त्यांनी बोटांनी पाटीवरची अक्षरं ताणून पाहिली, पण महिनाभर विळा धरलेली ती बोटं पाटी मोजायलाच तयार नव्हती. चष्मा परत मागायचा, तर तो वकिलाच्या नाकावर, भरल्या कोर्टात. आता मला तो काढून विंगेत फेकता आला असता, हे तुम्हाला बसल्या जागी सुचतं. मला तिथं सुचलं नाही. मी वकील होतो.

एवढ्यात समोरच्या विंगेतून जावई गरजले. नजर खरंच तेज. कागदावर जे जे होतं ते सगळं त्यांनी एका दमात वाचलं, "महाराज त्या दुपारी मी धान बांधत असताना कंसात हुंदका पदर डोळ्याला आरोपी माझ्या समोरून गेला थोडा वेळ शांतता."

नटी विंगेतून आलेलं तोंडातून काढायची, वीस वर्षांची सवय. तिनं माईकपुढे वाकून खणखणीत आवाजात सांगितलं, "महाराज, त्या दुपारी मी धान बांधत असताना कंसात हुंदका!"

मंडप फुटला. मागच्या टीकाकारांनी तंबाखू थुंकली. एक जण ओरडला, "बाई, कोनाच्या कंसात?" नटी रागानं लाल झाली असावी, कारण मला गुलाबी डाग गडद दिसायला लागला. जावयांनी पान उलटलं आणि आणखी मोठ्यानं सुरू केलं, यावेळी चुकून माझंच भाषण. मी माझं भाषण मुकाट्यानं ऐकून घेतलं.

आणि तेव्हा माझ्या उजव्या बाजूनं एक पांढरा डाग रंगमंचावर येऊ लागला. पाठीच्या बाजूनं, हळूहळू, एकेक पाऊल मागे टाकत. मला वाटलं राजवाड्याचा पडदा सुटला. पण पडद्याला पाय नसतात. मग वाटलं, अध्यक्षांनी ऐन वेळी नवा साक्षीदार लिहिला असेल, त्यांचा काही भरवसा नाही. मी वकिली आवाजात विचारलं, "आपण कोण? या खटल्याशी आपला काय संबंध?"

"मी आहो बे," पांढरा डाग म्हणाला, आणि नेमका माईक त्याच्या डोक्यावर टांगलेला होता. "तुहा मामा."

मामांनी खुर्ची विंगेच्या तोंडाशी ओढली होती, तिच्यावर पाटी उभी केली होती आणि अक्षरं फुगेपर्यंत मागे मागे सरकत आले होते. लांब गेलं की अक्षर मोठं. विंगेत तेवढी जागा नव्हती, रंगमंचावर होती. आता ते नटीच्या पिंजऱ्याजवळ, मंडपाकडे अर्धी पाठ करून, धोतर आणि बंडीत उभे होते. अक्षरं दिसायला लागली असावीत, कारण तोच जुना आवाज आला, थोडा ओला, "महाराज, त्या दुपारी..."

नटीनं सुटकेचा असा श्वास टाकला की माईकमध्ये वारा सुटला. "महाराज, त्या दुपारी..."

"...मी धान बांधत..."

जावई गप्प झाले. हसणारा मंडपही गप्प झाला. तीन तीन शब्द पुढे गेले. मामा म्हणत, नटी म्हणे, आणि लोक दोघांकडेही बघत होते. हुंदक्याची जागा आली. मामांनी कंस वाचला नाही, फक्त थांबले आणि नाक ओढलं. नटी ढसाढसा रडली. पुढच्या रांगेतल्या बायका रडल्या. मी चष्मा वर करून डोळे पुसले, आणि तेवढ्या क्षणात मला पहिल्यांदाच आमच्या कोर्टाचं सगळं दृश्य स्वच्छ दिसलं: रडणारी नटी, रडणारा आरोपी, बंडीतले मामा, आणि कागद धरून उभे असलेले जावई, तेही डोळे पुसत होते.

साक्ष संपली. टाळ्यांचा आवाज झाला तशी मामांनी मान वळवून मागे पाहिलं. समोर सगळा मंडप, आणि सगळे त्यांच्याकडेच बघत होते. चाळीस वर्षांत ज्यांना कोणी पाहिलं नव्हतं ते मामा अंग चोरून उभे राहिले. खांद्यावर उपरणं नाही म्हणून हात छातीवर धरले. मग कोणाकडे न बघता, खाली मान घालून, ते विंगेकडे निघाले. खुर्ची आणि पाटी एका हातात उचलली. त्यांची चाल मी ओळखतो. आता ते विंगेत थांबणार नव्हते, तिथून परभारे घरी जाणार होते, आणि पुढच्या मंडईला कोणी बोलावलं तरी येणार नव्हते.

इकडे निकालाची वेळ झाली होती. काळा डाग उठून उभा राहिला. दोन पानांचं निकालपत्र, अध्यक्षांनी स्वतः, स्वतःच्या हातानं लिहिलेलं. त्यांनी हातोडा उचलला, तोंड उघडलं, जावयांकडे पाहिलं. जावई पानं चाळत होते. अध्यक्षांनी घसा साफ केला. मंडप वाट बघत होता. मामांचा पाय विंगेच्या पडद्याआड गेला, आणि न्यायाधीश टेबलावर दोन्ही हात टेकून, माईक जवळच आहे हे पार विसरून, ओरडले:

"अरे थांब न गा! तू चालला गेला तं मले फासी कोनाले द्याची हेच मालूम नाही!"